बाळंतपणानंतर रूप उतरतं का, वय वाढतं का? आमच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि कोथरूडमध्ये बाळंतिणींसाठी व्यायामाचा वर्ग घेते. मला स्वतःला दोन मुलं आहेत. पाठदुखीबद्दल, टाक्यांबद्दल बायका वर्गात सगळ्यांसमोर विचारतात. दिसण्याबद्दलचं मात्र सतरंज्या गुंडाळून झाल्यावर, दाराशी चपला घालताना, हळू आवाजात विचारतात. आपल्या चेहऱ्याची काळजी केली तर बाळावरची माया कमी पडते की काय, अशी भीती त्या आवाजात असते. माया कमी पडत नाही. म्हणून हे प्रश्न इथे मोठ्याने मांडले आहेत. त्वचा आणि केसांबद्दलची उत्तरं माझ्या त्वचारोगतज्ज्ञ मैत्रिणीने तपासून दिली आहेत.

मूल झालं की बाई लवकर म्हातारी होते, हे खरं आहे का?

गरोदरपणाचा शरीरावर ताण पडतो, हे खरं. तो मोजताही येतो. आपल्या डीएनएवर वयानुसार काही रासायनिक खुणा बसत जातात. त्या वाचून शरीराचं वय जन्मतारखेच्या पुढे आहे की मागे, याचा अंदाज बांधतात. फिलिपाईन्समधल्या १,७३५ तरुण-तरुणींच्या रक्तावर असा अभ्यास झाला आणि २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या मुली गरोदर राहून गेल्या होत्या त्यांचं हे आतलं वय पुढे गेलेलं आढळलं, आणि दर गरोदरपणामागे साधारण दोन ते तीन महिन्यांची भर दिसली. ज्या मुलग्यांना मुलं झाली होती त्यांच्यात मात्र असा फरक नव्हता.

ही बातमी मोबाईलवर फिरली तेव्हा वर्गातल्या एकीने मला ती घाबरून दाखवली होती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा अभ्यासही आला होता, तो तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. त्यात असं दिसलं की गरोदरपणात हे वय वर चढतं आणि बाळंतपणानंतर तीन महिन्यांत खाली येतं. काही जणींचं तर गरोदरपणाच्या सुरुवातीला होतं त्याहूनही खाली गेलं. ज्या बाळाला फक्त अंगावर पाजत होत्या त्यांचं जास्त उतरलं, ज्यांचं वजन आधीपासून जास्त होतं त्यांचं कमी. म्हणजे शरीर खर्च करतं आणि भरूनही काढतं. भरून काढायला त्याला सवड, अन्न आणि झोप मिळते का, यावर पुढचं बरंच ठरतं. माझं सगळं बोलणं शेवटी या तीन गोष्टींपाशीच येतं, तेव्हा पुढच्या उत्तरांतही त्या पुन्हा पुन्हा भेटतील.

आणखी एक. रक्तातल्या या खुणा आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकाच मापाच्या नाहीत. चेहऱ्याचं वय मुख्यतः ऊन, तंबाखू, आनुवंशिकता आणि झोप यांवर चालतं.

सगळे म्हणतात, "किती ओढल्यासारखी दिसतेस गं." नक्की काय झालंय मला?

बहुतेक वेळा झोप झालेली नाही, एवढंच झालेलं असतं. एवढंच म्हणतेय खरी, पण ते लहान नाही. स्वीडनमध्ये २०१० मध्ये एक साधा प्रयोग झाला. त्याच माणसांचे फोटो पुरेशा झोपेनंतर आणि जागरणानंतर काढले आणि अनोळखी लोकांना दाखवले. जागरणानंतरचे चेहरे लोकांना कमी देखणे आणि जास्त आजारी वाटले. हे एका जागरणाचं. तुम्ही सहा महिने जागताय.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेलिसमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये ३३ आयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळ सहा महिन्यांचं असताना ज्या रात्री सात तासांपेक्षा कमी झोपत होत्या, त्यांचं शरीराचं वय वर्षानंतर पुरेशी झोप मिळालेल्या आयांपेक्षा तीन ते सात वर्षांनी पुढे दिसलं. अभ्यास छोटा आहे, पण मी रोज जे चेहरे बघते त्यांच्याशी तो जुळतो. एकाच महिन्यात बाळंत झालेल्या दोघी शेजारी बसतात आणि त्यांच्यात दहा वर्षांचं अंतर वाटतं. विचारलं की कळतं, एकीचा नवरा पहाटेची पाळी घेतो आणि दुसरीच्या घरी "त्याला ऑफिस असतं" म्हणून तो वेगळ्या खोलीत झोपतो.

उपाय घरात आहे. रात्रीतून सलग चार-साडेचार तासांची झोप तिला मिळेल अशी वाटणी करा. पाजणं तिच्याकडे असलं तरी ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फिरणं कुणालाही जमतं. काढून ठेवलेलं दूध वाटीचमच्याने पाजणंही जमतं. दुपारी बाळ झोपलं की आईने झोपावं, असं सगळे सांगतात. ती झोपली की स्वयंपाकघरातली भांडी कोण घासणार, हेही त्याच माणसाने सांगावं.

चौथ्या महिन्यात केसांचे पुंजके हातात येतायत. टक्कल पडेल का?

नाही. माझं स्वतःचं आठवतं. धाकटा साडेतीन महिन्यांचा होता. न्हाणीघरात केस धुतले, पाणी तुंबलं म्हणून मोरीची जाळी उचलली तर तिच्याखाली मुठीएवढा गुंता. मी ओल्या अंगाने तिथेच पाटावर बसून राहिले. सगळं शिकलेली बाई, कारण पाठ असलेली बाई, तरी रडले.

कारण असं आहे. डोक्यावरचे बहुतेक केस वाढीच्या टप्प्यात असतात आणि थोडे विश्रांतीच्या. विश्रांती संपली की ते गळतात, रोज ५० ते १०० केस, हा नेहमीचा हिशोब. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं आणि ते केसांना वाढीच्या टप्प्यातच धरून ठेवतं, म्हणून त्या नऊ महिन्यांत वेणी दाट लागते. बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन एकदम उतरतं आणि थोपून राहिलेले सगळे केस एकाच वेळी विश्रांतीला जातात. दोन ते चार महिन्यांनी ते गळू लागतात. बाळ ओळखून हसायला लागलं की आईचे केस जातात, असं माझी आजी म्हणायची. काळ बरोबर सांगितला होता तिने. बाळाच्या हसण्याचा त्याच्याशी संबंध नाही, दोन्ही गोष्टी एकाच सुमारास येतात.

मुळं शाबूत असतात. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. त्याआधी कपाळाच्या कडेला बोटभर उंचीचे नवे केस उभे राहतात आणि कितीही तेल लावलं तरी बसत नाहीत. ते चांगलं लक्षण आहे, उपटू नका. ओले केस ओढून विंचरू नका, घट्ट अंबाडा टाळा. महागडं तेल घेण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी) तपासा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही बायकांची थायरॉईड ग्रंथी बिघडते. केस गळणं, थकवा, धडधड, वजनात चढउतार ही तिचीही लक्षणं असतात आणि "बाळंतपणामुळे आहे" म्हणून ती सहज दुर्लक्षित राहतात. वर्ष उलटूनही गळती थांबली नाही किंवा भांग रुंद होत चालला, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

गालांवर वांग आलेत. कुठलं क्रीम लावू?

आधी, काय लावू नये ते सांगते. वर्गातली एक मुलगी एकदा ओढणीने तोंड झाकून आली. जावेने दिलेलं क्रीम तिने लावलं होतं, औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं. तीन आठवडे चेहरा उजळ दिसला, घरच्यांनी कौतुक केलं. बंद केल्यावर गाल लालभडक झाले, नुसतं पाणी लागलं तरी आग व्हायची, आणि हनुवटीवर लव वाढलेली. त्यात स्टिरॉइड होतं. वांग तर होते तिथेच होते. अशी मिश्र क्रीमं आपल्याकडे हातोहात फिरतात, आणि त्यांनी बिघडलेले चेहरे माझ्या त्वचारोगतज्ज्ञ मैत्रिणीकडे रोज येतात. नळीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय, गोरं करणारं काहीही चेहऱ्याला लावू नका.

वांग येतात ते संप्रेरकांमुळे रंगपेशी जास्त जाग्या झाल्यामुळे, आणि त्यांना चेतवतं ऊन. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत हे जास्त दिसतं. बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळ जणींचे आपोआप फिके होतात, काहींचे राहतात. खरा उपाय उन्हाचा आहे. एसपीएफ ३० किंवा अधिकचं सनस्क्रीन रोज लावा. त्वचेच्या रंगाची छटा असलेलं मिळालं तर उत्तम, कारण त्यातलं आयर्न ऑक्साईड नुसता दिसणारा प्रकाशही अडवतं आणि वांगांना तोही पुरतो. दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा.

पुण्याच्या मुली स्कूटरवर जो स्कार्फ बांधतात त्याला बाहेरगावचे लोक हसतात, पण वांग असलेल्या बाईसाठी तो चांगला आहे. फक्त कपाळ आणि डोळ्यांखालची गालाची हाडं उघडी राहतात, आणि वांग नेमके तिथेच असतात. तेव्हा स्कार्फ आहे म्हणून सनस्क्रीन सोडू नका. पुढची औषधं डॉक्टर ठरवतील. रेटिनॉइड आणि हायड्रोक्विनोन गरोदरपणात वापरत नाहीत. त्या काळात अॅझेलिक अॅसिड चालतं, पण तेही विचारूनच.

गरोदरपणात चेहऱ्यावर तेज येतं म्हणतात. त्यावरून मुलगा की मुलगी कळतं का?

तेज खरं आहे. त्या काळात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, त्वचेखाली ते जास्त खेळतं, तेलग्रंथीही जास्त काम करतात. काहींना त्याच तेलामुळे मुरमं येतात आणि डोहाळजेवणाच्या फोटोत चेहरा काळवंडलेला दिसतो. त्यावरून काहीही कळत नाही. कळावं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा १९९४ चा कायदा आहे.

सतत फिकट दिसते, ओठ पांढरे पडतात. बाळंतपणाचा अशक्तपणा असेल ना?

"असेल" म्हणून सोडून देऊ नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक जणी गरोदर राहण्याआधीच कमी रक्तावर चालत असतात. वर बाळंतपणात रक्त जातं. फिकट चेहरा, डोळ्यांखाली काळं, चमचमीत खाऊनही थकवा, ठिसूळ नखं, गळते केस: ज्याला लोक "रया गेली" म्हणतात त्यातलं बरंचसं मला लोहाच्या कमतरतेत दिसतं.

सरकारी कार्यक्रमात गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस रोज लोहाची गोळी सांगितलेली आहे. महापालिकेच्या दवाखान्यांत ती फुकट मिळते. पण बाळ झालं की गोळ्यांची पाकिटं फ्रीजवर धूळ खात पडतात. मी दर नव्या तुकडीला विचारते, गोळी चालू असलेल्या दोन-तीनच हात वर होतात. गोळी घ्या, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या, आणि जेवणाआधी-नंतर तासभर चहा टाळा, कारण चहा लोह अडवतो.

दुसरी कमतरता बी-१२ ची, आणि ती तर आपल्या गावची आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. जवळजवळ दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये बी-१२ कमी निघालं. जगभर गाजलेला अभ्यास आहे तो. बी-१२ कमी झालं की बोटांची पेरं काळवंडतात, केस अकाली पिकतात, जीभ गुळगुळीत आणि लाल होते, पायांना मुंग्या येतात. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं, भाजी-भाकरीत नसतं. शाकाहारी घरात दूधही बेताचं असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी किंवा इंजेक्शन घ्यावं लागतं. दोन महिन्यांत चेहऱ्यात पडलेला फरक मी पाहिला आहे.

पोटावरचे स्ट्रेच मार्क कुठल्या तेलाने जातात?

कुठल्याच तेलाने नाही. आतला थर ताणून उसवला की वरून लावलेलं तिथवर पोहोचत नाही. ते येणार की नाही हे मुख्यतः आईकडून आलेल्या त्वचेवर ठरतं. आधी तांबडे-जांभळे असतात, मग हळूहळू पांढरट होतात आणि राहतात. खाज येते तिथे खोबरेल लावा, बरं वाटेल. बेंबीतून खाली गेलेली काळी रेघ मात्र काही महिन्यांत फिकी होते.

पाच महिने झाले, अजून लोक विचारतात, "कितवा महिना?" पोट आत का जात नाही?

असं विचारणाऱ्यांना मी एकदा तरी गाठायला हवं, असं वर्गात आलेल्या प्रत्येकीच्या चेहऱ्याकडे बघून वाटतं. हा माझ्या कामाचा विषय आहे म्हणून सविस्तर लिहिते.

पोटाच्या मध्यभागी, छातीच्या हाडापासून खाली, दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारी एक पांढरी पट्टी. बाळ वाढतं तशी पट्टी ताणून रुंद होते आणि स्नायू बाजूला सरकतात. शेवटच्या महिन्यांत जवळजवळ सगळ्यांचंच असं होतं. नंतर ते हळूहळू जवळ येतात. नॉर्वेमध्ये ३०० पहिलटकरणींना तपासलं, तर सहा आठवड्यांनी ६० टक्के आणि वर्षानंतरही साधारण ३३ टक्के जणींमध्ये फट होती. म्हणजे पाच महिन्यांत पोट पुढे असणं यात तुमचा आळस नाही.

घरी तपासायची रीत अशी. उताणं झोपा, गुडघे दुमडा. बेंबीच्या जरा वर बोटं आडवी ठेवा आणि फक्त डोकं उचला. मधे दोनापेक्षा जास्त बोटं आत जात असतील, किंवा उठताना पोटाच्या मधोमध वळकटीसारखा उंचवटा येत असेल, तर सिट-अप्स करू नका. त्याने पोट आणखी पुढे ढकललं जातं. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताचा टेकू घेऊन उठा.

वर्गात सुरुवात श्वासापासून होते. श्वास सोडताना बेंबी पाठीकडे आणि ओटीपोट वर, लघवी रोखल्यासारखं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाळाला पाजतानाही करता येतं. मग टाच सरकवणं, पूल (उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणं), भिंतीला टेकून बसणं. साधी प्रसूती असेल तर चालणं आणि श्वास पहिल्या आठवड्यातच, बाकीचं सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर. सीझर असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. टाक्यांच्या वर जी घडी लोंबते तिथली त्वचा टाके पूर्ण भरल्यावर बोटांनी हळूहळू सैल करायला आम्ही शिकवतो.

पोट बांधायला हरकत नाही, पहिल्या आठवड्यांत पाठीला आधार मिळतो. फट त्याने मिटत नाही, आणि करकचून बांधलं तर सगळा दाब खाली ओटीपोटावर येतो. शिंकताना लघवी निसटते किंवा खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं, असं असेल तर आधी ते सांगा. ते लाजून लपवलं जातं आणि व्यायामाने बऱ्याच अंशी सुधारतं.

अंगावर पाजल्याने छाती उतरते का?

हा गैरसमज बाळाचं दूध तोडतो, म्हणून कळकळीने सांगते. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या प्लॅस्टिक सर्जननी छातीच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या बायकांचा नेमका हाच अभ्यास केला. पाजलं की नाही याने फरक पडत नव्हता. वय, गरोदरपणांची संख्या, जास्त वजन आणि धूम्रपान यांनी पडत होता. गरोदरपणातच ऊती वाढतात आणि त्वचा ताणते. पुढे पाजा किंवा पाजू नका, ते झालेलं असतं. पाजण्याचा फायदा मात्र आईलाही आहे. एकूण बारा महिने पाजण्यामागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका साधारण ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असं २००२ मध्ये अनेक देशांतली माहिती एकत्र करून दिसलं आहे. आधार देणारी, मापाची ब्रा घ्या. जुनी आवळून घालू नका.

बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं का?

दातांतलं नाही. हाडांतलं पाजण्याच्या काळात थोडं जातं आणि पाजणं थांबल्यावर परत भरतं. दात जातात ते हिरड्यांमुळे. गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येतं, बाई घाबरून ब्रश हलका करते, कीट साचतं. रात्रीचा ब्रश चुकवू नका.

जुन्या चपला होत नाहीत. अंगठीही.

अंगठी सूज उतरली की होईल. चपला कदाचित नाही. आयोवा विद्यापीठात ४९ स्त्रियांची पावलं गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि बाळंतपणानंतर मोजली, तेव्हा ६० ते ७० टक्के जणींची लांब आणि रुंद झालेली निघाली. कमान थोडी बसते, सांधे सैलावलेले असतात. पहिल्या खेपेलाच बहुधा होतं आणि तसंच राहतं. लक्ष्मी रस्त्यावर जाऊन एक माप मोठी घ्या. आखूड चपलेत पाय कोंबून पाठ दुखवून घेऊ नका.

वजन किती दिवसांत उतरायला हवं?

सहा महिने ते वर्ष. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, असं आपल्याकडचे आहारतज्ज्ञ सांगतात. दोन-तीन डिंकाचे लाडू आणि भातावर तूप, एवढ्यात त्या पुऱ्या होतात. बाळंतिणीला चौथा लाडू आग्रहाने भरवतात आणि चार महिन्यांनी तीच माणसं "जरा सुटलीसच" म्हणतात. उपास करू नका. पोळी-भाताबरोबर डाळ, उसळ, अंडं, दही वाढवा. संध्याकाळी बाळाला घेऊन चाला. तळजाईला किंवा हनुमान टेकडीवर जाता आलं तर फारच छान, नाहीतर सोसायटीचं आवार आहेच.

शेक-शेगडी, धुरी, मालीश: याने खरंच काही होतं?

मालीशवाल्या मावशी येतात तो तासभर बाईला कुणीतरी हात लावतं, तिच्याकडे बघतं, आणि नंतर ती गाढ झोपते. एवढ्यासाठीसुद्धा ती ठेवावी. टाक्यांवर आणि सीझरच्या पोटावर मात्र रगडू देऊ नका. अळिवाची खीर, खारीक, मेथी, शेपा खुशाल खा. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र नको. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, आणि खोलीत आई आणि बाळ दोघं असतात. गरम पाण्याची पिशवी चालेल.

सव्वा महिन्याची विश्रांती ही आपल्या बायकांनी एकमेकींसाठी राखून ठेवलेली गोष्ट आहे. माहेर जवळ नसेल तर घरातल्यांनी ती राखावी. नोकरी करणाऱ्यांना २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे. ती पुरी घ्या.

सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी सहा-सहा व्हायची, आम्ही कुठे तक्रार केली?

माझ्या आजीचा एक फोटो आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या घरी होता. नऊवारी, अंगावर शाल, मांडीवर माझी धाकटी मावशी. गालफडं बसलेली, वरचे दोन दात नाहीत. मी कितीतरी वर्षं तो तिच्या साठीचा फोटो समजत होते. मागे तारीख बघितली तेव्हा हिशोब लागला: ती अडतीस वर्षांची होती आणि ते सहावं बाळंतपण होतं. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांचं त्या वेळी कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनाच विचारा, सव्वा महिना तरी मिळाला होता का. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

दोन मुलांतलं अंतरही इथेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की एक बाळ झाल्यावर पुढची दिवस राहण्याची तयारी किमान २४ महिन्यांनी करावी. तेवढ्यात लोह, हाडं, स्नायू सावरतात.

पस्तिशीनंतर मूल झालं तर शरीर लवकर थकतं का?

मधुमेह, रक्तदाब यांची जोखीम वाढते, त्यासाठी तपासण्या वेळेवर करा. म्हातारपण लवकर येतं असं मात्र नाही. उलट, बोस्टनजवळच्या शंभरी गाठलेल्या स्त्रियांचा १९९७ मध्ये अभ्यास झाला तेव्हा चाळिशीनंतर मूल झालेल्या त्यांच्यात जास्त आढळल्या. उशिरा मूल झाल्याने आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नाही. ज्यांचं शरीर हळू जुनं होतं त्यांना उशिरा मूल होऊ शकतं, असा आहे.

आरशात बघावंसंच वाटत नाही. केस विंचरायचाही कंटाळा येतो.

हे केस-त्वचेचं नसेल. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास आहे, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, आपण वाईट आई आहोत असं सतत वाटतं: हा आजार आहे, त्याला औषध आहे, आणि आपल्या देशात साधारण पाचातल्या एका बाळंतिणीला तो होतो. "टेलिमानस" या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं तर त्याच क्षणी घरच्यांना उठवा आणि रुग्णालय गाठा. नातेवाईकांनो, ती आवरत नाही म्हणून तिला बोलू नका. तिच्याजवळ बसा.

वर्गाला बाळाला घेऊन आलं तर चालेल का?

चालेल. सतरंजी आम्ही देतो. बाळाचं दुपटं, एक जादा लंगोट आणि तुमची पाण्याची बाटली आणा. मधे पाजायला उठलात तरी चालतं, आणि बाळ रडलं तर ज्या बाईचं बाळ त्या वेळी झोपलेलं असतं ती त्याला उचलते.